२४० पेपरवाले सर की ३८ पेपरवाल्या मॅडम?

पत्र : मॅडम, मी कसबा बावड्याची. शिवाजी विद्यापीठातून बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं, नेट-जेआरएफ झालं. मध्यंतरी बाबांची बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला जोडली. तेव्हापासून कृत्रिम रक्तवाहिनी हा विषय डोक्यातून जात नाही. पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक सर आहेत, २४० पेपर (शोधनिबंध), एच-इंडेक्स ५२, लॅबमध्ये बावीस मुलं. दुसऱ्या मॅडम, ३८ पेपर, एच-इंडेक्स १७, मुलं पाचच. माझे काका निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणतात, ‘यात विचार कसला करतेस?’ सीनियर म्हणतात, मॅडमकडे पेपर लवकर निघत नाहीत. आई म्हणते, दोन्हीकडं लांबच, निदान खायची सोय बघ. पंधरा दिवसांत कळवायचंय. दोघांच्या पेपरांच्या याद्या सोबत जोडल्या आहेत. काय करू?

उत्तर :

पोरी, याद्या जोडल्यास हे फार चांगलं केलंस. दोन्ही मी निवांत बसून वाचल्या. दोघांची नावं इथं छापत नाही, पण यादीत काय दिसलं ते सांगते. आधी कौल देऊन टाकते, कारण तुझ्या हातात दिवस थोडे आहेत. मी मॅडमकडे जा म्हणेन. एक अट मात्र आहे. त्यांच्याकडून पीएच.डी. करून बाहेर पडलेल्या दोन मुलांशी तू स्वतः फोनवर बोलायचंस. त्या फोनवर काय विचारायचं, ते पुढं लिहिते.

आता काकांचा आकडा. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठल्याही जुन्या माणसाशेजारी जाऊन बस. एखाद्या पैलवानानं कुस्त्या किती मारल्या हे तो विचारणार नाही, कुणाबरोबर मारल्या हे विचारेल. २४० या आकड्यातून ते कळत नाही. एच-इंडेक्स ५२ म्हणजे निदान ५२ पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा दाखला इतरांनी ५२ किंवा जास्त वेळा दिलाय. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हे माप सुचवलं. माप वाईट नाही, पण ते वयाबरोबर वाढतंच. शिवाय आढावा घेणाऱ्या लेखांना, म्हणजे रिव्ह्यूंना, मूळ प्रयोगांपेक्षा सहसा जास्त दाखले मिळतात. सरांच्या सगळ्यात जास्त दाखले मिळालेल्या दहा पेपरांपैकी सात रिव्ह्यू आहेत. रिव्ह्यू लिहिणं हलकं काम नव्हे, पण त्यातून लॅबमध्ये काय घडतं ते दिसत नाही.

आणखी एक. गुगल स्कॉलरवरची यादी तशीच खरी धरू नकोस. आपल्याकडं एस. एस. पाटील नावाचे संशोधक किती असतील याचा विचार कर. एकाच्या यादीत दुसऱ्याचे पेपर सहज जाऊन बसतात, आणि ते काढायला फारसं कुणी जात नाही. सरांच्या यादीत मला द्राक्षांवरच्या कीडनाशकाचे दोन पेपर सापडले. ते त्यांचे असतील असं वाटत नाही. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा आकडी ऑर्किड क्रमांक असतो, त्यावरची यादी आणि पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवरची यादी शेजारी ठेवून बघ.

मग नावांचा क्रम. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव हातानं काम करणाऱ्याचं, शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं. मधली नावं कुणी पॉलिमर दिला, कुणी मायक्रोस्कोप वापरू दिला, कुणी आकडेमोड केली, अशांची. ही चाल ओळखता आली की यादीतून वंशावळ वाचता येते. १९७६ साली ‘नेचर’मध्ये एक पेपर आला. प्रथिनांसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून हळूहळू कसे सोडता येतील, याबद्दलचा. पहिलं नाव रॉबर्ट लँगर, शेवटचं ज्युडा फोकमन. फोकमन शल्यविशारद. कर्करोगाच्या गाठीला रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय ती वाढत नाही, हे त्यांनी १९७१ पासून लावून धरलं होतं. त्या वाहिन्या रोखणारा पदार्थ तपासायचा तर तो थेंबाथेंबानं सुटायला हवा, म्हणून त्यांना पॉलिमर जाणणारा केमिकल इंजिनियर लागला. तो लँगर. पुढं १९९९ साली ‘सायन्स’मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या धमन्यांवरचा पेपर आला. त्यावर पहिलं नाव लॉरा निकलासन, आणि शेवटचं नाव तोच लँगर. रक्तवाहिनीचं जीवशास्त्र आणि बायोमटेरियल, म्हणजे शरीरात बसवायचे पदार्थ, ही दोन क्षेत्रं एकमेकांत कशी गुंतली, ते या दोन पेपरांवरच्या पहिल्या-शेवटच्या नावांतूनच कळतं.

याच नजरेनं तुझ्या दोन याद्या बघ. सरांच्या गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच त्यांचं नाव शेवटी आहे. बाकी ठिकाणी ते मध्ये कुठंतरी आहेत. मॅडमच्या ३८ पैकी २६ पेपरांवर त्या शेवटी आहेत, आणि त्या २६ पेपरांवर पहिली नावं विद्यार्थ्यांची आहेत. एकच नाव दोनदा, कधी तीनदा येतं. म्हणजे मूल तिथं टिकलं, एका प्रश्नावर काम केलं, आणि कामाचं श्रेय त्याला मिळालं.

एवढ्यावर मी कौल दिला नसता. खरी गोष्ट पेपरांच्या आत आहे, आणि ती समजायला विषयाचा थोडा इतिहास लागतो. तुला तो माहीत असेल, पण काकांना वाचून दाखव.

कृत्रिम रक्तवाहिनीची सुरुवात कापडापासून झाली. न्यूयॉर्कच्या व्हूरहीस या तरुण सर्जनला कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यात राहिलेला रेशमी टाका दिसला. त्यावर चकचकीत पातळ अस्तर चढलं होतं. मग कापडाची नळी का नको, असं म्हणून त्यानं पॅराशूटसाठी वापरात असलेलं विन्योन-एन हे कापड घेतलं, त्याच्या नळ्या कुत्र्यांत बसवल्या, आणि १९५२ साली ते काम छापलं. पुढं ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकींनी डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरचं, कापड दुकानातून आणून बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या, आणि मग कापडउद्योगातल्या जाणकाराला हाताशी धरून नळी विणायचं यंत्र करून घेतलं. इचलकरंजीला मागांच्या आवाजात वाढलेल्या कुणालाही हे ऐकून बरं वाटेल. पोटातल्या महाधमनीसारख्या जाड वाहिनीला डेक्रॉन आजही चालतं. अडचण बारीक वाहिन्यांची. ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळी गुठळीनं भरून जाते, आणि हृदयाच्या धमन्या तर २ ते ४ मिलिमीटरच्या. म्हणून तुझ्या बाबांच्या पायातली शीर काढावी लागली. अशा जोडलेल्या शिरांपैकी साधारण निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा अरुंद होतात. तुझ्या विषयाची निकड आहे ती ही.

गुठळी का होते? खऱ्या धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं, एंडोथेलियम. ते नुसतं गुळगुळीत अस्तर आहे असंच बराच काळ लोक धरून चालले होते. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९५३ साली सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन टाकून पट्टी आकसते असं छापलं. पण जिवंत प्राण्यात तेच रसायन वाहिन्या सैलावतं, हा तिढा सुटत नव्हता. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या लॅबमध्ये वाहिनीचे तुकडे वेगळ्या पद्धतीनं कापले गेले, आणि पट्टी चक्क सैल पडली. कारण शोधलं तेव्हा ध्यानात आलं, की पट्टी करताना आतली बाजू बोटाला किंवा दुसऱ्या पृष्ठभागाला घासली जायची, आणि अस्तर निघून जायचं. अस्तर राहिलं तर वाहिनी सैलावते, गेलं तर आकसते. १९८० साली सहकारी झवाडझ्कींबरोबर त्यांनी हे छापलं. अस्तरातून सुटणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढं ठरलं, आणि १९९८ साली नोबेल मिळालं.

मी हे लांबण लावून सांगतेय त्याला कारण आहे. फर्चगॉटच्या यादीत १९५३ आणि १९८० हे दोन पेपर शेजारी ठेवले, की दुसरा पहिल्याची उणीव उघड करतो. स्वतःच्याच जुन्या निकालापाशी परत जाऊन, तो तसा का आला हे सांगणारी यादी मला सगळ्यात मोलाची वाटते. कुठल्याही संशोधकाच्या यादीत मी तेच शोधते.

सरांच्या यादीत ते मला दिसलं नाही. २०१५ पासूनचे पेपर ओळीनं वाच. कायटोसन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन (शरीरात हळूहळू विरणारं प्लास्टिक), जिलेटिन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन, रेशीम आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन, मग त्यात हळद, मग त्यात चांदीचे नॅनोकण. इलेक्ट्रोस्पिनिंगनं, म्हणजे विजेच्या दाबानं, अतिबारीक धागे काढले, मायक्रोस्कोपखाली फोटो घेतला, नाळेतून मिळवलेल्या पेशी त्यावर तीन दिवस वाढवल्या, एमटीटी चाचणीत पेशी जिवंत निघाल्या, आणि शेवटच्या ओळीत ‘रक्तवाहिनीसाठी आश्वासक’. पदार्थ बदलत गेले, चाचणी तीच राहिली. वाहत्या रक्ताचा दाब, गुठळी, टाका घालताना नळी फाटते का, यातलं फार थोडं सापडतं. या कामाला मी खोटं म्हणत नाही. एखाद्या मुलाला तंत्र शिकायला ते ठीकही आहे. पण तू बाबांच्या शिरेचा प्रश्न घेऊन निघाली आहेस, आणि त्या प्रश्नाला ते पेपर भिडत नाहीत.

मॅडमचे तीन पेपर एकापाठोपाठ वाच. पहिल्यात उंदराच्या महाधमनीत १ सेंटिमीटरची नळी बसवली, आणि काही आठवड्यांत तिला आतून पूर्ण अस्तर आलं. छान निकाल. इथंच थांबून त्यांना दहा पेपर काढता आले असते. दुसऱ्या पेपरात त्या विचारतात, हे अस्तर आलं कुठून? पाहायचा फोटो तो तिथला. नळी उभी चिरून पसरली आहे, आणि तीन जागचे फोटो शेजारी छापलेत : डावा टाका, मध्य, उजवा टाका. दोन्ही टोकांना फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या पेशी दिसतात. मध्ये, नळी लांब केली की, उघडे धागे आणि त्यावर चिकटलेल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तकणिका. अस्तर शेजारच्या खऱ्या धमनीतून टाक्यावरून सरकत आलं होतं, पदार्थाची करामत त्यात थोडी होती. माणसात हे सरकणं टाक्यापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर थांबतं, वर्षं गेली तरी. बायपासची नळी तर वीतभर लांब लागते. म्हणजे आखूड नळीवरचा छान निकाल माणसाच्या कामाचा असेलच असं नाही, हे बाईंनी स्वतःच्याच पेपराबद्दल छापून सांगितलं. तिसऱ्या पेपरात सशामध्ये लांब नळी घेतली, मध्यभागी अस्तर यावं म्हणून भिंतीतून केशवाहिन्या आत याव्यात असा सच्छिद्रपणा दिला. आठपैकी तीन नळ्या बुजल्या. त्या बुजलेल्या तीनही नळ्यांचे छेद पेपरात आहेत.

हे तीन पेपर छापायला त्यांना सहा वर्षं लागली. सीनियर म्हणतात ते खरं आहे, तिथं पेपर लवकर निघत नाहीत. का निघत नाहीत ते आता तुला कळलं असेल. निकलासनबाईंचा १९९९ चा पेपर गाई-डुकरांच्या पेशींवरचा होता. त्याच वाटेनं पुढं जात, माणसाच्या पेशींपासून वाढवून मग पेशी धुऊन काढलेल्या नळीला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनानं, मान्यता दिली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि तीही हातापायाच्या वाहिनीला जबर इजा झाली असेल तर वापरायला. हृदयाच्या बारीक धमनीचा प्रश्न अजून उभाच आहे.

पण तुझ्याकडं पंचवीस वर्षं नाहीत. फेलोशिप पाच वर्षांची : आधी जेआरएफचे महिना ३७ हजार, नंतर एसआरएफचे ४२ हजार, अधिक घरभाडं. मॅडमकडे जाण्यातला खरा धोका इथं आहे, आणि त्याकडं डोळेझाक करू नकोस. प्राण्यांवरच्या प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागते, ती लांबू शकते. ससे तयार असतात आणि सर्जन मोकळा नसतो. म्हणून होकार कळवण्याआधी मॅडमना सरळ विचार : ‘माझ्या कामातला कुठला भाग प्राण्यांवाचून पुरा होईल? समितीची परवानगी आत्ता हातात आहे का, की मी आल्यावर अर्ज करायचा? प्रयोगाचे पैसे कुठल्या प्रकल्पातून, आणि तो कधी संपतो?’ चांगली गाईड या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट मुलगी विचार करून आलीय हे तिला कळतं. उत्तर गुळमुळीत आलं तर मला परत लिही, मी कौल बदलायला तयार आहे.

आता त्या दोन फोनांचं. यादीतल्या पहिल्या नावांतून चारपाच वर्षांपूर्वीची दोन नावं निवड, मेल पाठव, वेळ माग. ‘मॅडम कशा आहेत?’ असं विचारू नकोस. त्याला सगळे ‘चांगल्या आहेत’ म्हणतात. विचार, की पहिला मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत आला, आणि त्यावर काय लिहिलेलं होतं. निकाल मनासारखा आला नाही तेव्हा बाई काय म्हणाल्या. नावांचा क्रम कधी ठरला, काम सुरू करताना की पेपर पाठवताना. कुणी मध्येच सोडून गेलं का, आणि ते आता कुठं आहे. हेच प्रश्न सरांच्या दोन विद्यार्थ्यांनाही विचार. बावीस मुलांच्या लॅबमध्ये सर भेटतात कधी, हे तेवढं जास्तीचं. माझं वाचन चुकीचं ठरवणारी माहिती तिकडून आली तर तीच धर, कारण मी फक्त कागद पाहिलाय.

पेपरांतल्या चुकांवर चर्चा होते ते पबपियर आणि मागं घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारं रिट्रॅक्शन वॉच, या दोन संकेतस्थळांवर दोघांचीही नावं टाकून बघ. मी पाहिली, दोघांवरही काही नाही. तरी तू स्वतः ही सवय लाव. २०१६ साली एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ पेपरांतले फोटो तपासले. ३.८ टक्के पेपरांत एकच फोटो दुसऱ्या नावानं वापरल्यासारखे संशयास्पद प्रकार निघाले. आणि यादीत मोठं नियतकालिक आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जननं २०११ साली प्लास्टिकची श्वासनलिका रुग्णाला बसवली, ‘लॅन्सेट’नं तो पेपर छापला, जगभर नाव झालं. रुग्ण दगावत गेले. तिथल्याच चार डॉक्टरांनी कागद धुंडाळून तक्रार केली, २०१८ साली ‘लॅन्सेट’नं पेपर मागं घेतला, आणि २०२३ साली अपील न्यायालयानं अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. आपण बनवतो ती नळी शेवटी कुणाच्या तरी बाबांच्या अंगात बसते. त्या चार डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे.

तुझ्या स्वतःच्या पेपरांबद्दल आत्ताच काळजी नको. प्रबंध देण्याआधी पेपर हवाच, ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत निघाली. तू जाशील त्या विद्यापीठानं स्वतःची अट ठेवलीय का, तेवढं नोंदणीच्या वेळी लेखी विचारून घे. यूजीसी-केअरची, म्हणजे मान्य नियतकालिकांची, यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं नियतकालिक निवडायची जबाबदारी आता आपली. ‘आठ दिवसांत स्वीकृती, अमुक इतके हजार भरा’ असे मेल तुला पहिल्याच वर्षी यायला लागतील. उत्तर देऊ नकोस. तशा ठिकाणचा एक पेपर पुढं आयुष्यभर यादीत राहतो, आणि मुलाखतीला बसलेला माणूस तोच आधी उघडून बघतो.

काकांशी वाद घालू नकोस. त्यांच्या उमेदीत पेपर छापून येणंच अवघड होतं, त्यामुळं संख्येला तेव्हा अर्थ होता. मॅडमचा तो दुसरा पेपर छापून त्यांच्या हातात दे, आणि तीन फोटोंचं पान उघडून दे. प्राध्यापक माणूस आहे, वाचल्यावर ते स्वतःच प्रश्न विचारायला लागतील. आईला मात्र एकदा सोबत घेऊन जा. लॅब तुला बघायचीच आहे, होस्टेलची मेस आई बघेल. भाकरी मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेव. चटणी आणि कांदा-लसूण मसाला पहिल्या खेपेलाच जास्त ने. लॅबमध्ये पाच मुलं आहेत, एका बरणीनं भागणार नाही.